मनसरचा काळा गोटा मँगनीज आहे का गोंडाइट, घरीच कसं ओळखायचं

रामटेकवरून येताना मनसरजवळ काळा जड गोटा उचलून डिकीत टाकणारे आपल्या नागपुरात कमी नाहीत, मी पण त्यातलाच, अन् दोन वर्षं तो शोकेसमध्ये ठेवून सगळ्यांना "मँगनीज आहे भाऊ" म्हणून सांगत होतो. निघाला गोंडाइट, म्हणजे मँगनीजचं खनिज नव्हे, वरून तसाच काळा दिसणारा खडक.

फसगत रंगानं होते. गोंडाइटवर ऊन-पाऊस खाऊन मँगनीज ऑक्साइडचं काळं कवच चढतं, त्यामुळे वरून काही कळत नाही, फोडावाच लागतो. गोणपाटात गुंडाळा, डोळ्यावर चष्मा लावा, मग हातोडी. (अन् खाणीच्या हद्दीत शिरून उचलू नका, रस्त्याकडेला पडलेला बघा.)

आता ताजी बाजू उन्हात धरा, दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याला अगदी टेकवा आणि दगड हळूहळू जवळ आणा. पांढरट-करडं काचेसारखं दिसतं ते क्वार्ट्झ, अन् त्यात मोहरीएवढे किंवा त्याहून बारीक गोलसर, नारिंगी-तपकिरी दाणे खचाखच भरलेले दिसले, की ते गारनेट नावाचं खनिज, त्यातलं मँगनीजवालं, स्पेसार्टिन. क्वार्ट्झ अन् स्पेसार्टिन, गोंडाइटचा मुख्य मालमसाला एवढाच.

तरी शंका असेल तर टाइल्सच्या तुकड्याची उलटी, खरखरीत बाजू घ्या. ताजा भाग घासला अन् काळी रेघ उठली तर मँगनीजचं खनिज, पांढरी भुकटी पडून टाइलच खरडली गेली तर गोंडाइट. कवच घासू नका, ते काळंच उठणार. चाकूनं ओरखडा काढायच्या फंदात पडू नका, कठीणतेच्या एक ते दहा या मोजपट्टीवर गारनेट सातच्या आसपास आहे, चाकूचीच धार जाईल.

गोंडाइट बनला कसा ते पण सांगतो, म्हणजे दाणे कुठून आले कळेल. फार जुन्या काळी समुद्राच्या तळाशी मँगनीज, चिकणमाती अन् सिलिका असा गाळ साचला, मग तो खोल गाडला गेला, दाब आला, तापला. वितळला मात्र नाही हं, हे लोक हमखास चुकतात, घट्ट असतानाच आतली मांडणी बदलली. मातीतलं ॲल्युमिनियम, मँगनीज अन् सिलिका मिळून स्पेसार्टिन झालं, उरलेल्या सिलिकाचं क्वार्ट्झ. ॲल्युमिनियम कमी पडलं तिथे ऱ्होडोनाइट नावाचं गुलाबी खनिज पण सापडतं. मँगनीज भरपूर असलं की गारनेट तुलनेनं कमी तापमानातच तयार होतं, म्हणून इथं त्याची एवढी गर्दी.

नाव गोंडांवरून पडलंय, जिऑलॉजिकल सर्व्हेच्या फर्मोर साहेबानं १९०९ च्या आसपास दिलेलं, म्हणजे जगभरच्या पुस्तकात आपल्याकडचं नाव चालतं राजा.

एकाच गोट्यात गोंडाइट अन् मँगनीजचं खनिज दोन्ही असणं पण नेहमीचंच. माझ्याच्या एका कोपऱ्यात खरंच काळी रेघ उठते, पाहुणे आले की मी तीच बाजू पुढे करतो.