नाती लिहा, मांडणी ग्राफव्हिझवर सोडा

माझं काम सॉफ्टवेअरचं डॉक्युमेंटेशन लिहिण्याचं, आणि त्यातल्या बहुतेक आकृत्या मी माउसला हात न लावता काढते. खोके ओढून आणि बाण चिकटवून काढलेली आकृती पहिल्या दिवशी छानच दिसते. पुढे मधे एखादी पायरी घालायची वेळ येते, तेव्हा सगळे खोके खाली सरकवत बसावं लागतं. म्हणून ती पायरी कोणी घालतच नाही. मग आकृती एक सांगते आणि प्रोग्रॅम दुसरंच करतो. मजकुरातून आकृती काढली तर हीच दुरुस्ती एका ओळीत होते, आणि कोणती ओळ कधी, का बदलली तेही गिटमध्ये, म्हणजे फाइलींतले बदल नोंदवणाऱ्या साधनात, दिसतं.

यासाठीची मुक्तस्रोत साधनं बरीच आहेत. मर्मेड 2014 पासूनचं, ब्राउझरमध्ये चालणारं; मार्कडाउनमध्ये (साध्या खुणांनी मजकूर सजवायची पद्धत) लिहिलेला त्याचा मजकूर गिटहब ही कोड ठेवायची साइट 2022 पासून थेट आकृती म्हणून दाखवतं. प्लांटयूएमएल 2009 चं, जावावर चालणारं. कोण कोणाला कोणता निरोप कोणत्या क्रमाने पाठवतं हे दाखवायचं असलं की मी तेच वापरते. पण शिकायला सुरुवात ग्राफव्हिझपासून करा, असं मी आग्रहाने सांगेन. एटी अँड टी या अमेरिकी दूरसंचार कंपनीच्या प्रयोगशाळेत घडलेलं हे जुनं साधन आहे, आणि प्लांटयूएमएलसुद्धा आपल्या कित्येक आकृत्यांची मांडणी आतून याच्याकडूनच करून घेतं. ग्राफव्हिझ कसा विचार करतं हे कळलं की बाकीची साधनं पटकन हाताशी येतात.

लिनक्सवर पॅकेज मॅनेजरमधून किंवा मॅकवर होमब्रूमधून ते ग्राफव्हिझ याच नावाने मिळतं. विंडोजवर इन्स्टॉल करताना ‘पाथमध्ये जोडा’ हा पर्याय निवडायला विसरू नका, नाहीतर टर्मिनलला कमांड सापडणार नाही.

आता एक साधी मजकुराची फाइल उघडा आणि ती यूटीएफ-8 या देवनागरी सामावणाऱ्या अक्षर-संकेतनात साठवा. एक्सटेन्शन जीव्ही द्या. डॉट हेही चालतं, पण ते वर्डच्या जुन्या टेम्प्लेटचंही एक्सटेन्शन आहे आणि डबल क्लिक केल्यावर भलतंच काही उघडू शकतं. पहिल्या ओळीत डायग्राफ हा शब्द रोमन लिपीत, त्यापुढे उघडणारा महिरपी कंस. शेवटच्या ओळीत बंद होणारा कंस. मधे हे लिहा:

तक्रार -> पडताळणी -> दुरुस्ती -> चाचणी -> प्रकाशन
चाचणी -> दुरुस्ती
पडताळणी -> "माहिती मागवा"
"माहिती मागवा" -> पडताळणी

या ओळी जशाच्या तशा चालतात. ग्राफव्हिझच्या या भाषेचं नाव डॉट, आणि तिला देवनागरी नावं मान्य आहेत; फक्त नावात मोकळी जागा असेल तर ते दुहेरी अवतरणात घालायचं. खोका आधी जाहीर करावा लागत नाही, बाणात नाव आलं की खोका तयार. भाषेचे स्वतःचे शब्द तेवढे रोमन अक्षरांत टंकावे लागतात. बाणावर ‘नापास’ असं काही लिहायचं असेल तर त्या ओळीच्या शेवटी चौकोनी कंसात लेबल, बरोबरचं चिन्ह आणि अवतरणात मजकूर.

टर्मिनलमध्ये डॉट ही कमांड द्या, मग उणे चिन्हाला चिकटून कॅपिटल टी आणि एसव्हीजी (हा चित्राच्या फाइलीचा प्रकार), मग आपल्या फाइलीचं नाव, मग उणे-ओ आणि नव्या फाइलीचं नाव. आकृती तयार.

इथे थोडं थांबून आत काय घडलं ते समजून घ्या, कारण पुढची सगळी ओढाताण यानेच टळते. डॉट आधी प्रत्येक खोक्याला पातळी देतं: बाण जिथून निघतो तो वर, जिथे पोचतो तो खाली. मग एकाच पातळीवरच्या खोक्यांचा क्रम असा लावतं की बाण एकमेकांना कमीत कमी छेदतील. त्यानंतर नेमकी जागा ठरते, आणि सगळ्यात शेवटी बाणांचे वळसे. निर्मात्यांनी 1993 च्या शोधनिबंधात याच चार टप्प्यांत ही पद्धत मांडली आहे. म्हणजे वरखाली काय राहणार हे तुमचे बाण ठरवतात. आकृती वेडीवाकडी आली तर खोक्यांच्या जागा ठोकून बसवू नका. आधी बाण तपासा. माझ्या अनुभवात गुंता बहुतेक वेळा लिहिलेल्या नात्यांतच असतो.

सर्वांत जास्त त्रास मागे जाणारे बाण देतात. ‘चाचणी’कडून परत ‘दुरुस्ती’कडे जाणारा बाण आला की चक्र तयार होतं, आणि मग कोण वर, कोण खाली हे डॉटला तोडून ठरवावं लागतं. म्हणून मुख्य प्रवाह आधी सलग लिहा आणि उलटे बाण शेवटी. तेवढ्याने भागलं नाही तर त्या बाणाच्या चौकोनी कंसात कन्स्ट्रेंट बरोबर फॉल्स लिहा. तो बाण दिसतो, पण पातळी ठरवताना धरला जात नाही. पुनर्तपासणीची चक्रं असलेल्या प्रवाहांत मला या एका गुणधर्माचा जितका उपयोग झाला तितका दुसऱ्या कशाचा नाही.

आणखी तीनच गोष्टी नेहमी लागतात. आकृती डावीकडून उजवीकडे हवी असेल तर रँकडिर बरोबर एलआर. दोन खोके एका ओळीत हवेत तर त्यांना वेगळ्या महिरपी कंसात घालून रँक बरोबर सेम. खोक्यांच्या गटाभोवती चौकट हवी असेल तर सबग्राफ वापरा, पण त्याचं नाव ‘क्लस्टर’ या शब्दानेच सुरू झालं पाहिजे. नाहीतर चौकट येत नाही आणि चूक झाल्याची सूचनाही मिळत नाही. रंग आणि आकार सगळ्यात शेवटी बघा.

मोड्यूलची अवलंबित्वं, म्हणजे प्रोग्रॅमचा कोणता भाग कोणत्या भागावर विसंबून आहे ते, काढताना बाणांचं रान माजतं. ग्राफव्हिझबरोबर येणारी ट्रेड (टी-आर-ई-डी) ही छोटी कमांड तिथे कामी येते: अ पासून ब, ब पासून क असे बाण असतील तर अ पासून क हा थेट बाण ती वगळते. वाचायला फार सोपं होतं. मात्र थेट अवलंबित्व हेच दाखवायचं असेल तेव्हा ती चालवू नका. बाणांना दिशाच नसेल, नुसतं जाळं असेल, तर डॉटऐवजी नीटो (एन-ई-ए-टी-ओ) ही कमांड वापरून बघा. खूप मोठ्या जाळ्यासाठी एसएफडीपी.

मराठी अक्षरांचं मात्र नीट बघावं लागतं. खोक्याची रुंदी आकृती तयार होते त्याच क्षणी, तुमच्या संगणकावरच्या फॉन्टवरून मोजली जाते. एसव्हीजीत मजकूर मजकूर म्हणूनच राहतो, त्यामुळे वाचणाऱ्याकडे दुसरा फॉन्ट असला की ‘पुनर्तपासणी’सारखा लांब शब्द खोक्याबाहेर डोकावतो. म्हणून नोड (खोका) आणि एज (बाण) या दोन्हींसाठी फॉन्टनेम स्पष्ट लिहा. मी नोटो सान्स देवनागरी देते, तो मुक्त आहे आणि जोडाक्षरं सुबक दाखवतो. वाचणाऱ्याकडे कोणता फॉन्ट असेल याची खात्री नसेल तर एसव्हीजीच्या पुढे विसर्गासारखं कोलन देऊन कैरो लिहा. मग अक्षरं आकार म्हणूनच फाइलीत जातात आणि सगळीकडे सारखी दिसतात. त्यात शब्द शोधता किंवा निवडता येत नाहीत, म्हणून छापायच्या प्रतीसाठी मी कैरो वापरते आणि पडद्यावर वाचायच्या पानांसाठी साधं एसव्हीजी.