‘प्रॅक्टिकेबल’ आणि ‘प्रॅक्टिकल’ यांतील फरक

इंग्रजी पत्र किंवा अहवाल लिहिताना ‘प्रॅक्टिकल’च्या जागी वजनदार वाटते म्हणून ‘प्रॅक्टिकेबल’ लिहू नये, कारण या दोन विशेषणांचे अर्थ वेगळे आहेत. ‘प्रॅक्टिकेबल’ म्हणजे उपलब्ध साधनांनी करता येण्याजोगे, आणि ‘प्रॅक्टिकल’ म्हणजे उपयुक्त, व्यवहारज्ञानाला धरून असलेले. दहाव्या मजल्यावर रोज बादल्यांनी पाणी चढवणे प्रॅक्टिकेबल असेल, पण ते प्रॅक्टिकल मुळीच नाही. मराठीत पहिल्यासाठी ‘व्यवहार्य’ हा शब्द चपखल बसतो. ‘पेय’ म्हणजे पिण्याजोगे, तसे ‘व्यवहार्य’ म्हणजे व्यवहारात आणण्याजोगे, हे ध्यानात ठेवले की गोंधळ टळतो. दुसऱ्यासाठी ‘व्यावहारिक’ आहेच.

माणसाला ‘प्रॅक्टिकल’ म्हणता येते. ‘प्रॅक्टिकेबल’ मात्र योजना, उपाय, मार्ग यांनाच म्हणावे.

कायद्याच्या भाषेत तर या शब्दावर जबाबदारीची मर्यादा ठरते. आपल्या 1948च्या कारखाने अधिनियमात 1987च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 7अ नुसार, कामगारांचे आरोग्य, सुरक्षितता आणि कल्याण ‘रीझनेबली प्रॅक्टिकेबल’ असेल तितके सांभाळणे हे कारखान्याच्या भोगवटादाराचे, म्हणजे कारखान्यावर अंतिम नियंत्रण असलेल्या व्यक्तीचे, कर्तव्य ठरले. ही मर्यादा ‘शक्य असेल तितके’ याहून अरुंद आहे, असे इंग्लंडच्या अपील न्यायालयाने 1949 मध्ये एका खाणकामगाराच्या मृत्यूच्या खटल्यात स्पष्ट केले होते, कारण तिथे धोक्याचे प्रमाण आणि तो टाळण्यासाठी लागणारा खर्च, वेळ व श्रम यांची तुलना करावी लागते. म्हणून अशा मजकुराचे भाषांतर करताना नुसते ‘शक्यतो’ लिहून भागत नाही. ‘वाजवीरीत्या व्यवहार्य असेल तेथवर’ असे पूर्ण लिहावे.