क्यूटीत माउसचे हँडलर ओव्हरराइड करताना

क्यूटी ही खिडक्या-बटणांचे प्रोग्रॅम लिहायची सी++ लायब्ररी. तिच्यातला नव्या मुलांचा कोड तपासताना मी आधी एकच ओळ शोधते: बेस क्लासचा, म्हणजे ज्याच्यापासून आपला क्लास काढला त्याचा, कॉल. क्यूपुशबटन या बटणाच्या तयार क्लासपासून स्वतःचा क्लास काढून माउसप्रेसइव्हेंट (माउसचं बटण दाबल्यावर चालणारी मेथड, म्हणजे हँडलर) ओव्हरराइड केलंत, म्हणजे नव्याने लिहिलंत, आणि आतून क्यूपुशबटनची मूळ मेथड कॉल केली नाहीत, तर बटण दबतच नाही. मग क्लिक्ड सिग्नल, म्हणजे क्लिक झाल्याची सूचना, कुठून सुटणार? आपलं काम उरका आणि तोच इव्हेंट बेसला द्या.

साध्या क्यूविजेटचं, म्हणजे पडद्यावरच्या घटकांच्या मूळ क्लासचं, उलटं. त्याची मूळ मेथड इव्हेंट नाकारते, मग तो इव्हेंट पालक विजेटकडे, म्हणजे ज्याच्या आत हे विजेट आहे त्याच्याकडे, जातो. म्हणून चित्राच्या कॅनव्हासवर माउसचं डावं बटण स्वतः हाताळा, तिथे बेसचा कॉल नको. बाकीची बटणं खुशाल बेसकडे सोपवा.

माउसमूव्हइव्हेंटमध्ये (माउस हलल्यावर चालणारी मेथड) इव्हेंटचं ‘बटन’ नाही, ‘बटन्स’ (त्या क्षणी दाबलेली बटणं) तपासा. पहिलं तिथे कायम ‘नोबटन’च (कोणतंही बटण नाही) देतं. बटण न दाबताही हालचाल कळायला हवी असेल तर सेटमाउसट्रॅकिंग चालू करा.