इंदूरच्या थंडीत बर्फाची तयारी: फॅट बाईक आणि काठ्या

फेब्रुवारीत गुलमर्ग किंवा औलीला क्रॉस-कंट्री स्कीइंग (बर्फावर सपाटीला आणि चढाला स्वतःच्या जोरावर सरकत जाणं) करायचं असेल, तर दम इंदुरातच कमवून जावं लागतं. नोव्हेंबरच्या मध्यापासून दहा-बारा आठवडे हाताशी असतात, ते पुरतात. पायांसाठी फॅट बाईक, म्हणजे खूप जाड टायरची सायकल, आणि खांदे-पोटासाठी स्कीच्या काठ्या. नुसत्या ट्रेडमिलवर भागत नाही, कारण स्कीवर हातही राबतात.

आधी टायरची हवा. ४ इंची टायरमध्ये इथेच सगळं बनतं किंवा बिघडतं. साधारण ७० किलोच्या माणसाने डांबरी रस्त्यावर १५–१८ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), महूकडच्या कच्च्या रस्त्यांवर १०–१२ आणि बडवाहजवळ नर्मदेकाठच्या वाळूत ६–८ पासून सुरुवात करावी. वजन जास्त असेल तर एक-दोन वाढवा. पंपावरचा काटा इतक्या कमी दाबाला भरवशाचा नसतो, म्हणून कमी दाबाचा वेगळा गेज घ्याच. पुढच्या चाकात हवा कमी असली की डांबरावर हँडल जड होतं आणि वळणात आपणहून आत ओढतं.

ट्यूब असेल तर कमी हवेचा आणखी एक त्रास आहे. जोर लावला की टायर रिमवर थोडा सरकतो, ट्यूब त्याच्याबरोबर ओढली जाते, वॉल्व तिरका होतो आणि शेवटी मुळाशी फाटतो. तिथे पॅच बसत नाही. निघण्याआधी वॉल्वकडे नजर टाका. तिरका दिसला तर हवा पूर्ण सोडा, टायर हाताने मागे सरकवून वॉल्व सरळ करा, मगच भरा. बाभळीच्या काट्यांसाठी प्रत्येक चाकात १२०–१५० मिली सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव). वॉल्वचा गाभा निघत असेल तर ते ट्यूबमध्येही घालता येतं.

मावठा पडला की दोन दिवस शेतातल्या वाटा विसरा. काळी माती टायरला थरावर थर चिकटते आणि फोर्कमध्ये चाक अडकवते. वाळूतून आल्यावर चेन कोरड्या ब्रशने झाडा, पुसा, मग तेल. वाळूवरच तेल सोडलं तर चेन आणि दातांना पॉलिश पेपर लावल्यासारखंच.

आठवड्यातून तीन राइड: दोन एकेक तासाच्या, रविवारची अडीच ते तीन तासांची. वेग बघू नका, फॅट बाईक ताशी १२–१५ किलोमीटरच्या पुढे फारशी जात नाही. पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे, नाडी तुमच्या कमाल नाडीच्या ६०–७० टक्क्यांत. जड टायरमुळे प्रत्येक छोट्या चढावर नाडी उसळते. गिअर आधीच हलका करा, तरीही उसळली तर उतरून ढकला. दर चौथ्या आठवड्यात वेळ निम्मा.

काठ्यांचे दिवस दोन. क्लासिक स्कीची (दोन्ही स्की समांतर ठेवून चालल्यासारखं सरकण्याची पद्धत) काठी उंचीच्या सुमारे ८३ टक्के, म्हणजे १७० सेंटीमीटर उंचीला १४०. चढावर चालण्यासाठी ती ५–१० सेंटीमीटर आखूड हवी. रालामंडळच्या टेकडीवरच्या शिकारगाहपर्यंतचा चढ याला उत्तम: लांब ढांगा, उलटा हात-पाय, काठी पायाच्या टाचेजवळ टेकवून हात कंबरेच्या मागे जाईपर्यंत ढकलायचं. नवखे काठी पुढे टेकवतात. मग ती ढकलत नाही, नुसती आधार देते. घरी दाराला रबर बँड अडकवून दोन्ही हातांनी खाली ओढा, २० चे तीन सेट. ओढ पोटातून निघाली पाहिजे. आधी दंड दुखायला लागले तर कंबर वाकत नाहीये.

रोलर स्कीला (रस्त्यावर सरावासाठीची चाकांची स्की) बहुतेकदा ब्रेक नसतो. सपाट, बंद आवारातच चालवा, सुपर कॉरिडॉरसारख्या वाहत्या रस्त्यावर नको.

इंदूर साधारण ५५० मीटरवर, गुलमर्ग २,६५० च्या आसपास. पहिले दोन दिवस इथल्या वेगाचा नाद सोडा आणि नाडीवर चाला. स्की आधी बोलून ठेवा, कारण तिथे भाड्याने मिळतात त्या मुख्यतः उताराच्या, टाच बांधलेल्या. टाच मोकळी असलेली, तळाला पकडीसाठी खवले असलेली क्लासिक स्की मागा. घेण्याआधी सपाट फरशीवर दोन्ही स्कीवर सारखं वजन देऊन उभे राहा आणि पायाखाली कागद सरकवून बघा. सहज सरकला पाहिजे. सगळं वजन एका पायावर टाकलं की त्या स्कीखालचा कागद अडकला पाहिजे. दोन्ही वेळा सरकला तर स्की कडक, चढावर मागे घसराल. दोन्ही वेळा अडकला तर मऊ, सपाटीवर घसरणारच नाही.