फिजिक्समधून समाजशास्त्रात येताना: विसरण (डिफ्यूजन) कसं शिकावं

बीएस्सीला फिजिक्स करून मी एमएला समाजशास्त्र घेतलं. दोन्हीकडे भेटलेला विषय म्हणजे डिफ्यूजन: विज्ञानात विसरण, म्हणजे रेणूंचं दाट जागेकडून विरळ जागेकडे आपोआप पसरणं; समाजशास्त्रात सांस्कृतिक प्रसार, म्हणजे एखादी वस्तू, कल्पना किंवा रीत माणसांमध्ये पसरत जाणं. याच वाटेने येणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

विसरण आधी स्वतः करून बघा. किराणा दुकानात मिळणाऱ्या चायना ग्रासची जेली ताटलीत लावा, मधोमध छोटा खड्डा करून त्यात निळी शाई भरा आणि रंगाची कडा पट्टीने मोजत राहा. (नुसत्या पाण्यात नको, तिथे पाणीच हलतं आणि शाईला ओढून नेतं.) पहिल्या तासात कडा जेवढी सरकते, तेवढीच आणखी सरकायला साधारण तीन तास लागतात. अंतर दुप्पट, तर वेळ चौपट. पाण्यात ऑक्सिजनला १० मायक्रोमीटर, म्हणजे एखाद्या पेशीएवढं अंतर, जायला सेकंदाचे दोन-तीन शतांश पुरतात. १ सेंटिमीटरला मात्र सुमारे सात तास. आपल्याला रक्ताभिसरण का लागतं ते इथे कळतं. विसरणाचा नियम १८५५ मध्ये मांडणारा अडॉल्फ फिक शरीरक्रियाशास्त्रातलाच होता, आणि त्याचं गणित त्याने फ्रेंच गणिती फूरियेच्या उष्णतावहनाच्या सिद्धांतावरून घेतलं.

समाजशास्त्रात हे गणित जसंच्या तसं लावायचा मोह होतो. तो आवरा. रेणूला काही ठरवायचं नसतं. माणूस पारखतो, नाकारतो, घेतलेलं बदलून टाकतो. त्यासाठी रायन आणि ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांचा १९४३ चा अभ्यास सगळ्यात आधी वाचा. अमेरिकेतल्या आयोवात २५९ शेतकऱ्यांना त्यांनी विचारलं, संकरित मक्याचं बी कधी घेतलं आणि कशामुळे? १९२८ ते १९४१ या काळात दोघं सोडून सगळ्यांनी ते घेतलं. पीक जास्त येत होतं, तरी एवढी वर्षं गेली! माहिती बहुतेकांना विक्रेत्याकडून कळली, पण विश्वास बसला तो शेजाऱ्यांच्या अनुभवावर. तरीही सुरुवातीला थोड्याच जमिनीत पेरून पाहिलं. आपल्या कृषी विद्यापीठांतला विस्तार शिक्षण (शेतीतलं नवं ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत पोचवणं) हा विषय याच प्रश्नांवर उभा आहे, तिथल्या मुलांशी जरूर बोला.

दोन ठिकाणी सारखी गोष्ट दिसली म्हणून ती एकाकडून दुसऱ्याकडे गेली असं लगेच लिहू नका. शरीररचनाशास्त्रज्ञ एलियट स्मिथ यांनी जगभरच्या संस्कृतींचं मूळ इजिप्तमध्ये शोधलं, आणि तो सिद्धांत पुढे टिकला नाही. मिरचीचं तसं नाही: मूळ अमेरिका खंडातलं, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत ती भारतात आली. प्रबंधात वाट, काळ आणि आणणारा, तिन्ही दाखवता येत असतील तरच प्रसार म्हणा.