पूर आलेल्या गावात मदतीला जायचंय? जळगाव-धुळ्याहून निघायच्या आधी हे वाचा

जुलै-ऑगस्टमध्ये टीव्हीवर कोल्हापूर-सांगलीचा नाहीतर चिपळूण-महाडचा पूर दिसला की आपल्या ग्रुपवर लगेच 'चला भो, गाडी काढा' सुरू होतं. मन चांगलंय, पण न विचारता गेलेली टीम म्हणजे तिथल्या माणसांच्या डोक्याला ताप, त्यांनी पूर बघायचा का तुमची झोपायची सोय?

तर आधी फोन. १०७७ हा जिल्हा कंट्रोल रूमचा नंबर, पण जळगावात बसून लावला तर जळगावचाच लागेल म्हणून १०७७ च्या आधी तिथला एसटीडी कोड टाका आणि सरळ विचारा, माणसं हवीत का, कशाला हवीत, कुणाला भेटायचं. 'सध्या नको' म्हणाले तर थांबा. आपदा मित्रचं (आपत्तीत मदत करणाऱ्या स्वयंसेवकांचं सरकारी) ट्रेनिंग झालं असेल तर आपल्या जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला कळवूनच निघा अन् ओळखपत्र गळ्यात ठेवा.

रस्ता बघून घ्या. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू हायवेच पाण्याखाली होता. महाराष्ट्र एक्सप्रेस भुसावळ, जळगाव, चाळीसगाव करत थेट कोल्हापूरला जाते, पण पुरात मिरजेच्या पुढे लाईन बंद पडू शकते, तेव्हा मिरजेपर्यंतचाच हिशोब धरा.

आता जरा कडक बोलतो. 'आपण तापीत पोहलेलो माणसं' हे डोक्यातून काढा. २०१९ ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला जास्त माणसं भरलेली बोट उलटली आणि गावातली कितीतरी माणसं गेली. मे २०२४ मध्ये तर प्रवरेत बुडालेल्यांना शोधायला गेलेल्या आपल्या धुळ्याच्याच एसडीआरएफची (राज्याच्या आपत्ती बचाव दलाची) बोट उलटली, तीन जवान गेले, आणि ती रोज हेच काम करणारी माणसं होती. त्यामुळे ट्रेनिंग नसेल तर बोटीत बसायचं नाही, दोर लावून पाण्यात उतरायचं नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. दरडीचंही तसंच. २०२३ ला दरड कोसळलेल्या रायगडच्या इर्शाळवाडीला गाडीरस्ताच नव्हता, मशीन वर नेता येईना, सगळं पायी, आणि चढताना फायर ब्रिगेडच्या एका अधिकाऱ्याला हार्ट अटॅक येऊन ते गेले. बीपी-शुगर असलेल्या काकांनी इथं राहून सामान पॅक करावं, ते पण कामच आहे.

मग आपल्याला काय काम? चिखल. पाणी उतरलं की घरात गुडघाभर गाळ राहतो, टीव्हीवाले निघून जातात आणि खरी माणसं तेव्हा लागतात. फावडी, घमेली, वायपर, गमबूट, जाड हातमोजे इथूनच न्या. घरात शिरायच्या आधी मेन स्विच बंद आहे का ते मालकाला विचारा. कपाटामागे, गादीखाली सरळ हात घालू नका, आधी काठीने हलवा, साप तिथंच बसलेला असतो. घरातली कुठलीही वस्तू मालकाला विचारल्याशिवाय फेकायची नाही, तुम्हाला तो कचरा दिसतो पण त्यात पोरीची मार्कशीट असते. गाळात काम करायच्या आधी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या, अन् लेप्टो (पुराच्या घाण पाण्यातून होणारा आजार) होऊ नये म्हणून डॉक्सीसायक्लिनची गोळी घ्यायची का ते निघण्याआधीच डॉक्टरला विचारा.

खाणं-पिणं स्वतःचं. दादरच्या (आपल्याकडच्या ज्वारीच्या) भाकरी पहिल्या दिवशी, नंतर चिवडा, शेंगदाण्याची चटणी, पाण्याचे कॅन. आणि रावेर-यावलच्या भावांनो, केळीचा ट्रक पाठवायचा मोह आवरा, कच्ची केळी तिथं पिकवणार कोण, आणि पिकलेली पोचेपर्यंत लगदा होते. वेफर पाठवा, ताडपत्री पाठवा, झाडू, फिनेल, सॅनिटरी पॅड पाठवा. जुन्या कपड्यांचे गठ्ठे नकोत, रस्त्याकडेला भिजत पडलेले दिसतात ते आपलेच असतात.

तिथं गेल्यावर ज्याच्या हाताखाली दिलंय त्याचंच ऐकायचं, मग तो तलाठी असो का गावातला पोरगा, त्याला कुठल्या गल्लीत म्हातारी एकटी राहते ते माहीत असतं. सेल्फी नको, लोकांच्या पडलेल्या घरापुढे तर नकोच.

परत आल्यावर महिनाभर लक्ष ठेवा. ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले तर व्हायरल समजून मेडिकलवरून गोळी आणू नका, डॉक्टरला पहिलंच वाक्य सांगा की पुराच्या पाण्यात काम करून आलोय.