जुनी ब्रिटिश रेसर: ओळखायची कशी, उघडायची कशी

स्टिकर वाचून सायकल विकत घेऊ नका. 'रेनॉल्ड्स ५३१' या नावाजलेल्या हलक्या पोलादी नळीचं स्टिकर आज कुणालाही नवंकोरं मिळतं आणि ते कुठल्याही नळीवर चिकटतं. फ्रेमवर 'क्लॉड बटलर' लिहिलंय म्हणून ती खुद्द बटलरच्या लंडनमधल्या कारखान्यातली असेलच असंही नाही. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात ते नाव होल्ड्सवर्थ या दुसऱ्या सायकल कंपनीने विकत घेतलं आणि पुढे कितीतरी सायकलींवर लावलं. म्हणून आधी धातू बघायचा, रंग नंतर.

इथे मी बोलतोय ती साधारण १९३५ ते १९६५ या काळातली ब्रिटिश क्लब रेसर: हलकी फ्रेम, खाली वळलेलं हँडल, कॉटर पिनवाले, म्हणजे पाचरीसारख्या पिनेने एक्सलवर बसवलेले, स्टीलचे क्रँक (पायडलचे दांडे). आजोबांच्या वाड्यातली काळी, रॉडब्रेकची रॅले किंवा हर्क्युलिस ही रोडस्टर, म्हणजे रोजच्या वापराची जड सायकल. तिच्यावर जीव जरूर लावा, पण 'व्हिंटेज रेसर' म्हणून कुणी ती विकत असेल तर चहा पिऊन निघा.

आधी सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा, काढा आणि तो ज्यात बसतो त्या नळीचं आतलं माप कॅलिपरने घ्या. पोस्टवर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका, पत्रा गुंडाळून बारीक पोस्ट बसवणारे महाभाग जगात सगळीकडे आहेत. २७.२ मिलिमीटर भरलं तर भिंत पातळ, म्हणजे बहुधा ५३१ डबल-बटेड (टोकांना जाड, मध्ये पातळ). २५.४च्या आसपास असेल तर नळी जाड आणि साधी, स्टिकर काहीही म्हणो. मधलं माप आलं तर घाईने निष्कर्ष काढू नका.

मग चाकांचे आरे मोजा. पुढे ३२, मागे ४० ही जुनी ब्रिटिश पद्धत. दोन्हीकडे ३६ असतील तर चाकं परदेशी किंवा नंतरची. मागचा हब स्टर्मी-आर्चर कंपनीचा असेल तर त्यावर सालच ठोकलेलं सापडतं: '५६ ८' म्हणजे १९५६चा ऑगस्ट. विल्यम्स कंपनीच्या क्रँकच्या मागच्या बाजूला सालाचं सांकेतिक अक्षर असतं. हे साल त्या त्या भागाचं, सायकलचं नव्हे. पण दोन-तीन भाग एकाच सुमाराला येऊन थांबले, तर फ्रेमही त्याच सुमाराची मानायला हरकत नाही.

फ्रेम नंबर बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँकचा एक्सल बसतो त्या भागाच्या) खाली, सीट लगवर (सीटखालच्या सांध्यावर) किंवा मागच्या फोर्क-एंडवर (मागचं चाक अडकतं त्या खाचेवर) शोधा. चिमटा, म्हणजे पुढचा फोर्क, बाहेर काढाल तेव्हा त्याच्या दांड्यावरही बघा, बरेच कारागीर तोच नंबर किंवा त्याचे शेवटचे आकडे तिथे ठोकत. जुळला नाही तर चिमटा बदललेला आहे, आणि किंमत त्या हिशेबाने कमी व्हायला हवी. नंबरावरून माहिती काढायची तर १९५५ साली स्थापन झालेल्या व्हेटरन-सायकल क्लबमध्ये एकेका मेकची नोंद ठेवणारी माणसं आहेत.

मडगार्डची भोकं दिसली की लोक लगेच 'ही टूरिंगची' म्हणून सायकल बाजूला सारतात. चूक! ब्रिटनमध्ये रस्त्यावरच्या सामूहिक शर्यतींना सायकल संघटनेचीच बंदी होती. १९४२मध्ये पर्सी स्टॅलर्डने लॅन्गॉलन ते वुल्व्हरहॅम्प्टन अशी शर्यत भरवून ती मोडली. तोवर रस्त्यावरची खरी स्पर्धा म्हणजे पहाटेची टाइम ट्रायल, म्हणजे एकेकट्याने घड्याळाशी लावलेली शर्यत. क्लबचा गडी मडगार्ड लावून, शर्यतीची हलकी चाकं पुढच्या एक्सलला बांधून सायकलवरच तिथे जायचा आणि चाकं बदलून शर्यत मारायचा. त्यामुळे मडगार्डची भोकं आणि शर्यतीच्या सायकलसारखे मागे उघडणारे फोर्क-एंड एकाच फ्रेमवर असणं अगदी स्वाभाविक आहे.

आता उघडायचं काम. हँडल, ब्रेक, चाकं यांत सांगण्यासारखं काही नाही. स्टेमचा बोल्ट तीन-चार आटे सैल करून डोक्यावर लाकडी ठोकळा ठेवून एक टोला द्या, सुटतो.

खरी परीक्षा कॉटर पिनची. या एका पिनेने मला पुष्कळ रडवलंय, आणि तिच्याबद्दल दिला जाणारा सर्रास सल्ला, 'नट काढा आणि हातोडीने ठोका', हा सायकल बिघडवण्याचा सल्ला आहे. आपल्याकडचा सायकलवाला रोडस्टरची पिन ठोकूनच काढतो, पण त्याचा हात तयार असतो आणि नवा एक्सल शेजारच्या दुकानात मिळतो. इथे तसं नाही. तुमच्या क्रँकच्या मापाचा जुना एक्सल शोधण्यात महिने जातात. आधार न देता मारलेला प्रत्येक टोला छर्‍यांमधून थेट कपावर (छर्रे ज्यात फिरतात त्या वाटीवर) जातो आणि कपात खड्डे पडतात. शिवाय पिनेचं आट्यांचं टोक वाकतं. ते वाकलं की पिन आता ड्रिलनेच निघणार.

त्यामुळे कॉटर प्रेस, म्हणजे पिन दाबून काढायचं हत्यार, घ्या. महाग वाटेल, तरी घ्या. आदल्या रात्री पिनेच्या दोन्ही टोकांना गंज सोडवणारं तेल सोडा. सकाळी नट पूर्ण काढू नका. पिनेच्या टोकाशी सपाट येईल इतकाच सैल करा, म्हणजे आटे जपले जातात. प्रेस अगदी सरळ रेषेत लावा, तिरकी लागली तर पिन वाकलीच समजा. घट्ट आवळा. नाही हलली? तसाच ताण ठेवून अर्धा तास दुसरं काहीतरी करा, मग पुन्हा पाव फेरा आवळा. पिन सुटते तेव्हा बंदुकीच्या बारासारखा आवाज होतो. घाबरू नका, काही मोडलेलं नाही. तरीही हलत नसेल तर क्रँकचा पिनेभोवतीचा भाग हीट गनने तापवा. उघडी ज्योत नको, शेजारी फ्रेमचा रंग आहे.

प्रेस मिळणारच नसेल तर क्रँकखाली, पिनेच्या डोक्याभोवती, लोखंडी नळीचा तुकडा फरशीपर्यंत उभा करा, म्हणजे मार छर्‍यांवर न जाता जमिनीत जाईल. मग जड हातोडीचा एकच दणकट घाव. वीस हलके टोले पिनेचं टोक फक्त फुलवतात.

नवी पिन घेताना जुनीचा व्यास मोजा. ब्रिटिश पिन बहुतेक ९.५ मिलिमीटर. स्वस्त, मऊ पिना घेऊ नका. सपाट बाजू कानशीने घासताना दोन्ही पिना जोडीने घासा, नाहीतर दोन्ही पायडल एका रेषेत राहत नाहीत. सपाट बाजूला मार्करची शाई लावून पिन बसवून काढा. शाई सगळीकडून सारखी पुसली गेली पाहिजे, नुसती एका कडेला नव्हे. दोन पिना एकमेकींच्या उलट दिशेने जातात: एकीचा नट वर असेल तेव्हा दुसरीचा खाली. आत बसवायची तीही प्रेसनेच. नट आवळून पिन ओढून घेऊ नका, आटे जातील. नटाचं काम फक्त पिन धरून ठेवायचं.

बॉटम ब्रॅकेटचा उजवा कप उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. अडला तर पाना घसरेपर्यंत झगडू नका. तो जागच्या जागी स्वच्छ करून नवं ग्रीस भरलं तरी चालतं. नवा कप आणायचाच असेल तर रॅलेचे आटे इंचाला २६ आणि बाकी बहुतेकांचे २४, हे लक्षात ठेवा. दोन्ही बाजूंना पाव इंची अकरा-अकरा छर्रे, नवेच घाला.

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे: मूळ रंग साठ टक्के जरी शिल्लक असेल तर पुन्हा रंगवू नका. साबणाचं कोमट पाणी, मऊ फडकं, वर मेण. पेट्रोल किंवा थिनर लावाल तर मूळ ट्रान्स्फर (फ्रेमवर उमटवलेली नावं-चिन्हं) फडक्यावर येतील. क्रोमवरचा गंज अगदी बारीक स्टील वूल आणि तेलाने निघतो.

टायर घेताना २७ इंची म्हणजे ६३० मिलिमीटर आणि ७००-सी म्हणजे ६२२, हे दुकानदाराला आकड्यातच सांगा. ७००-सी चाकं लावलीत तर ब्रेकचे रबर चार मिलिमीटर खाली पोचतात का ते आधी बघा.

पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरनंतर घरी येऊन दोन्ही कॉटरना पुन्हा प्रेस लावा आणि मग नट आवळा. नवी पिन पहिल्या फेरीत थोडी बसतेच. टकटक ऐकू येऊनही तशीच चालवलीत तर पिनेबरोबर एक्सलही जाईल.